'भरधाव' हा शब्द आणि आपली गल्ली

(नंदुरबार जिल्ह्यातील कळसाडी येथे ग्रामस्थ आणि तरुणांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन.)



या व्याख्यानासाठी आपल्या कार्यकर्त्यांचा मला दूरध्वनी आला, तेव्हा विषय कोणता ठेवावा, असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, ''गल्लीतील वाहनांचा वेग.'' पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग अत्यंत आदराने प्रश्न आला, ''दादा, एखादा राष्ट्रीय विषय नाही का घेता येणार?''

त्या कार्यकर्त्याचा दोष नाही. राष्ट्र म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सीमा येते, संसद येते. घराचा उंबरठा येत नाही. म्हणून आरंभीच एक आकडा सांगतो. २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. हा केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने प्रसिद्ध केलेला आकडा आहे. आपल्या नंदुरबार शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १ लाख ११ हजारांच्या घरात होती. म्हणजे दीड नंदुरबार एका वर्षात रिकामे झाले. त्यांत १५,२२४ मृत्यू आपल्या महाराष्ट्रातले, आणि देशभरातील मृतांपैकी ३२,८२५ जण पायी चालणारे होते. ते कोणत्याही वाहनात नव्हते, कोणाशी शर्यत लावत नव्हते. यापेक्षा राष्ट्रीय विषय कोणता असतो, हे मला ठाऊक नाही.

अपघात म्हटले की आपण महामार्गाचे नाव घेतो. सुरत-नागपूर मार्ग, बऱ्हाणपूर-अंकलेश्वर मार्ग ही नावे आपल्या भागात घराघरांत भीतीने घेतली जातात, आणि ती भीती अनाठायी नाही. परंतु त्याच अहवालात मृत्यूंची विभागणी दिली आहे. राष्ट्रीय महामार्गांवर ६१,०३८, राज्य महामार्गांवर ४१,०१२ आणि 'अन्य रस्ते' या सदरात ६६,४४१. अन्य रस्ते म्हणजे कोणते? जिल्हा मार्ग, गावाचे रस्ते, शहरातील पेठा आणि वसाहती. तुमच्या-माझ्या दारावरून जाणारे रस्ते. तिन्हींत सर्वांत मोठा आकडा त्यांचा आहे.

मी व्यवसायाने पत्रकार. उमेदीची पहिली काही वर्षे मी अपघातांच्या बातम्या लिहिण्यात घालवली. पोलीस ठाण्यातून माहिती घ्यायची आणि चार ओळी लिहायच्या. त्या चार ओळींत एक शब्द आपोआप येऊन बसे - 'भरधाव'. भरधाव ट्रकची धडक, भरधाव दुचाकी घसरली, भरधाव जीपने चिरडले. वाहनाचा वेग किती होता, हे आम्हांपैकी कोणी कधी विचारले नाही. माणूस मेला, त्या अर्थी वाहन भरधाव असणारच, असे आमचे तर्कशास्त्र होते. पुढे उपसंपादक झालो, तेव्हा नव्या वार्ताहराच्या बातमीत तो शब्द राहून गेला असेल तर मीच तो घालत असे.

आज मला वाटते, की या एका शब्दाने आम्ही वाचकांचे मोठे नुकसान केले. 'भरधाव' म्हटले की चालवणारा कोणी दुसरा असतो. तो दारू प्यालेला असतो, उन्मत्त असतो, परगावचा असतो. आपण कधीच भरधाव नसतो. आपण 'जरा घाईत' असतो.

आता वेगाचा हिशेब पाहू. आठवीच्या विद्यार्थ्याला कळेल इतका तो सोपा आहे. ताशी ३० किलोमीटर वेगाने चाललेले वाहन एका सेकंदात सुमारे ८ मीटर पुढे जाते. ५० च्या वेगाने जाणारे जवळजवळ १४ मीटर. ओट्यावरून एखादे मूल चेंडूमागे रस्त्यावर उतरले, तर ते दिसणे, मेंदूपर्यंत पोहोचणे आणि पाय ब्रेकवर जाणे यांत सावध माणसाचासुद्धा एक सेकंद जातो. त्यानंतर ब्रेक लागतो. कोरडा, चांगला रस्ता आणि चांगले ब्रेक गृहीत धरले, तर ३० च्या वेगाची गाडी त्या एका सेकंदासह १३-१४ मीटरांत पूर्ण थांबते. आणि ५० ची? तिचे पहिले १४ मीटर ब्रेकला हात-पाय लागण्यातच संपतात. म्हणजे पहिली गाडी ज्या जागी मुलापुढे थांबून उभी आहे, त्याच जागी दुसऱ्या गाडीचा वेग अजून पूर्णच्या पूर्ण ५० आहे. चालवणारा दोघांचाही सारखाच सावध, दोघेही निर्व्यसनी, दोघेही घरी मुले असलेले. फरक फक्त २० किलोमीटरचा आहे. गावातल्या गावात ५० च्या वेगाला आपण भरधाव म्हणतो का? नाही. मोटारसायकल तिसऱ्या गिअरमध्ये टाकली की काटा तेथे सहज जातो.

दुसरी गोष्ट. धडकेची तीव्रता वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की आघात चौपट होतो. हे आपल्या खानदेशाच्या भाषेत सांगायचे तर, ताशी ३० च्या वेगाची धडक म्हणजे धाब्यावरून खाली पडणे, सुमारे साडेतीन मीटर. हात-पाय मोडेल, पण माणूस बहुधा वाचतो. आपल्यापैकी काही जण लहानपणी पडलेही असतील, आणि आज समोर बसून ऐकत आहेत. ५० च्या वेगाची धडक म्हणजे जवळजवळ दहा मीटरांवरून, तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून पडणे. तेथून पडून उठणारे थोडे. धाब्याला कठडा नसेल तर आई मुलाला वर पाठवत नाही. रस्त्यावर मात्र तिसऱ्या मजल्याइतकी उंची रोज दारासमोरून धावत जाते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही म्हणून तिची भीती वाटत नाही.

हे सारे कशासाठी? तीनशे मीटरची गल्ली ५० च्या वेगाने पार करायला सुमारे २२ सेकंद लागतात, ३० च्या वेगाने ३६. वाचतात ते १४ सेकंद. त्या १४ सेकंदांचे आपण पुढे काय करतो, हे पारावर बसलेल्या कोणत्याही आप्पांना विचारा. पारासमोर गाडी लावून अर्धा तास गप्पा मारणारेही तेच असतात.

आता जी गोष्ट सांगणार आहे, ती व्यासपीठावरून सांगण्यासारखी नाही, पण ती वगळली तर माझे आजचे बोलणे अप्रामाणिक ठरेल.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची घटना. मी राहतो त्या वसाहतीत नवा डांबरी रस्ता होत होता. जुना रस्ता खड्ड्यांचा, त्यामुळे वाहने हळू चालत. नवा रस्ता पूर्ण होण्याआधीच त्यावर मोटारसायकली पळू लागल्या, आणि शेजारच्या सात वर्षांच्या मुलाच्या पायावरून एक गेली. हाड दोन ठिकाणी मोडले. संध्याकाळी वसाहतीतील सगळे पुरुष जमले. संताप अनावर होता. पत्रकार म्हणून पुढाकार माझ्याकडे आला. मी ठेकेदाराला फोन केला, जरा आवाज चढवला, आणि उरलेल्या डांबर-खडीतून त्याच रात्री गतिरोधक घालून घेतला. कोणी मोजमाप विचारले नाही. 'असा घाला की बाप आठवला पाहिजे,' हे शब्द माझे होते. हात-दीड हात रुंद आणि वीतभर उंच असा तो वरवंटा रस्त्यावर आडवा पडला. रंग नाही, फलक नाही, वर दिवा नाही. आम्ही समाधानाने झोपलो.

नवव्या दिवशी रात्री माझी सख्खी वहिनी मुलाच्या दुचाकीवर मागे बसून आमच्याकडे येत होती. तिला किंवा पुतण्याला त्या उंचवट्याची कल्पना नव्हती. पुतण्या हळूच चालवत होता, तो स्वभावानेच हळू आहे. गाडी उसळली, आणि एका बाजूला पाय करून बसलेली वहिनी मागच्या मागे डोक्यावर पडली. दीड महिना ती रुग्णालयात होती. वाचली, डाव्या कानाने तिला आज ऐकू येत नाही. दुसऱ्या दिवशी बातमी छापून आली. 'भरधाव दुचाकी गतिरोधकावर आदळून महिला गंभीर.' ती बातमी लिहिणारा वार्ताहर माझ्याच हाताखाली शिकलेला होता.

वहिनीने मला कधी एक शब्द बोलून दाखवला नाही. सणावाराला मी तिच्या उजव्या बाजूला बसतो, एवढेच.

त्यानंतर मी या विषयाचा अभ्यास सुरू केला, आणि कळले की आमच्या वसाहतीत घडले ते काही अपवादात्मक नव्हते. केंद्रीय मंत्रालयाच्या २०१५ च्या आकडेवारीत गतिरोधक, खड्डे आणि अर्धवट कामे या तीन कारणांनी झालेल्या अपघातांत दहा हजारांहून अधिक मृत्यू नोंदले आहेत. जो उपाय म्हणून केला, तोच मारक ठरला. अंगात भूत संचारले म्हणून मांत्रिकाने मारून मारून रोगीच संपवावा, तशातला हा प्रकार.

आणि गंमत अशी, की योग्य गतिरोधक कसा असावा हे कोणाला ठाऊक नव्हते असे नाही. इंडियन रोड्स काँग्रेस ही रस्तेबांधणीचे निकष ठरवणारी आपल्या देशाची संस्था. तिने १९८८ सालीच 'आयआरसी ९९' या क्रमांकाचे मार्गदर्शन प्रसिद्ध केले, २०१८ मध्ये ते सुधारून वाढवले. त्या मूळ मार्गदर्शनातील गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि फक्त १० सेंटिमीटर उंच आहे. ३.७ मीटर म्हणजे एका खाटेची लांबी दोनदा. उंची चार बोटांपेक्षा थोडी अधिक. सूक्ष्म, सावकाश चढणारी पाठ, झोपलेल्या म्हशीसारखी. ताशी २५ किलोमीटरच्या वेगाने गेलात तर पोटातले पाणी हलत नाही. त्याहून वेगाने गेलात तर वाहन तुम्हाला स्वतःच सांगते.

अरुंद आणि उंच वरवंट्याचे उलटे असते. त्यावर हळू जाणारा म्हातारा, गर्भवती स्त्री, मागे बसलेली आई यांना धक्का बसतो. आणि मोठ्या टायरची, दणकट स्प्रिंगची गाडी वेगाने नेली तर चाक त्यावरून उडून जाते, आतल्या माणसाला फारसे जाणवतही नाही. म्हणजे शिक्षा निरपराध्याला आणि गुन्हेगाराला सूट! उंचवटा रस्त्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सलग हवा. कडेला दोन हात जागा सोडली, की सगळ्या मोटारसायकली त्या फटीतून, म्हणजे नेमक्या पायी चालणाऱ्यांच्या अंगावरून जातात. पावसाचे पाणी अडू नये म्हणून खालून नळी हवी. वर काळे-पांढरे पट्टे, रात्री चमकणाऱ्या रंगाचे. ४० मीटर आधी फलक. वळणावर तो नको, पुलाच्या तोंडाशी नको. आणि लक्षात घ्या, हे सारे छोट्या रस्त्यांसाठी आहे. महामार्गावर संतापाच्या भरात माती-मुरूम टाकून आडवा बांध घालणे म्हणजे पुढच्या अपघाताला निमंत्रण देणे.

पण मला मुख्यतः गतिरोधकाविषयी बोलायचेच नाही. गतिरोधक हे औषध आहे. आपल्या जुन्या गावांना ते लागत नव्हते, कारण त्यांची प्रकृतीच निरोगी होती. आठवून पाहा. गावात शिरताना वेस होती, आणि वेशीतून एका वेळी एकच बैलगाडी जाई. धावत्या बैलांना तेथे कासरा ओढावाच लागे. आत गल्ली सरळ नव्हती. दर पन्नास पावलांवर वळण, कोठे पार, कोठे पिंपळ, कोठे मारुतीचे देऊळ पुढे आलेले. दोन्ही बाजूंना ओटे, ओट्यांवर माणसे. या वाकड्या गल्लीची आपण टिंगल केली, तिला मागासलेपण म्हटले. आज युरोपातील नगररचनाकार निवासी रस्त्यांसाठी जे उपाय शोधून काढत आहेत, त्यांची यादी वाचली की मला हसू येते. प्रवेश अरुंद करा, रस्ता सरळ ठेवू नका, मध्ये झाड लावा, बसायला जागा ठेवा! त्यांच्या शास्त्रात 'गावाचे प्रवेशद्वार' नावाचा एक स्वतंत्र उपाय आहे. येथून वस्ती सुरू होते, हे चालकाच्या डोळ्यांना दिसावे म्हणून रस्ता तेथे अरुंद करतात. म्हणजे वेस. (आपणही हल्ली प्रवेशद्वारे बांधतो, नाही असे नाही, पण त्या कमानी पुढाऱ्यांच्या नावासाठी असतात आणि खालून दोन ट्रक एकदम जातात.)

मग रस्ते झाले. अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान असताना २५ डिसेंबर २००० रोजी प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली आणि पावसाळ्यात चार महिने तुटणारी गावे जगाशी जोडली गेली. ज्यांनी आजारी माणसाला झोळीत घालून चिखलातून दवाखान्यात नेले आहे, त्यांना त्या रस्त्याचे मोल सांगावे लागत नाही. रस्त्याबद्दल कृतज्ञताच हवी. परंतु रस्ता गावापर्यंत यावा आणि गावात शिरल्यावर त्याने गावाचे व्हावे, ही दुसरी अर्धी गोष्ट आपण केली नाही. गल्लीत सिमेंटचे थरावर थर चढले. रस्ता वर आला, ओटे जमिनीला टेकले. पूर्वी मूल ओट्याच्या तीन पायऱ्या उतरून गल्लीत येई, तेवढ्यात आजीची हाक पोहोचत असे. आता दारातले पाऊल थेट रस्त्यावर पडते. आणि तो गुळगुळीत, सरळ पट्टा चालकाला सतत सांगत असतो : चल, पुढे चल. चौकातला वाढदिवसाचा फलक तेवढ्यात मुलाला झाकून टाकतो. त्या फलकावरचे 'भावी' कोण होणार आहेत, देव जाणे. त्यामागे उभे असलेले मूल मात्र चालकाला दिसत नाही.

हिवाळ्यात ऊस सुरू झाला की काय होते, ते आपण माझ्यापेक्षा अधिक जाणता. ट्रॅक्टर, त्यामागे दोन ट्रॉल्या, त्यांवर दुमजली ऊस, मागे लाल परावर्तक नाही, ट्रॉलीला ब्रेक असतील-नसतील, आणि कर्ण्यावर गाणे. मघाशी सांगितलेला १३ मीटरांचा हिशेब त्या वाहनाला लागू करू नका. ते कोठे थांबेल, हे चालवणाऱ्यालाही ठाऊक नसते. पपई आणि केळीच्या मोसमात मालगाड्यांची हीच तऱ्हा. शेतकऱ्याची घाई मी समजू शकतो. तोडलेला माल थांबत नाही. पण हा रस्ता गावाबाहेरून न्यावा की शाळेसमोरून, हे ठरवणे गावाच्या हाती आहे.

कायद्याचे थोडे बोलतो. केंद्र सरकारच्या एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेनुसार नगरपालिका हद्दीतील रस्त्यांवर मोटारीची कमाल वेगमर्यादा ताशी ७० आणि मोटारसायकलची ६० किलोमीटर आहे! ही देशभराची वरची मर्यादा झाली. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ मध्येच राज्य सरकारला, किंवा राज्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याला, एखाद्या भागासाठी वा रस्त्यासाठी ती कमी करण्याचा अधिकार दिला आहे. तो अधिकार वापरला जात नाही, कारण तो वापरा असे कोणी मागत नाही. कलम २१५ खाली जिल्हा रस्ता सुरक्षा समित्यांची तरतूद आहे. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८-अ आले आहे : रस्त्याची रचना व देखभाल ठरलेल्या निकषांनुसार न केल्याने मृत्यू वा अपंगत्व आले, तर संबंधित यंत्रणा आणि ठेकेदार एक लाख रुपयांपर्यंतच्या दंडास पात्र आहेत. माझ्या वहिनीच्या वेळी हे कलम नव्हते. असते, तर त्या ठेकेदाराने साक्षीदार म्हणून माझेच नाव दिले असते.

त्याच दुरुस्तीतील कलम १९९-अ प्रत्येक पालकाने वाचावे. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा वाहनमालक दोषी मानला जातो. २५ हजार रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कारावास, आणि वाहनाची नोंदणी वर्षभर रद्द. कोणाला हा नवा, कडक, परकीय विचार वाटेल. मनुस्मृतीचा आठवा अध्याय काढून पाहा. सारथी अकुशल असल्यामुळे गाडी मार्ग सोडून गेली आणि इजा झाली, तर दंड सारथ्याला नव्हे, मालकाला सांगितला आहे. तोही दोनशे पणांचा. अकुशल हाती लगाम दिला कोणी, हा प्रश्न तेव्हाही विचारला जात होता. त्याच ग्रंथात वाट कोणाला द्यावी याचीही यादी आहे. वृद्ध, रोगी, ओझे वाहणारा, स्त्री. प्रामाणिकपणे सांगायचे तर यादीत सर्वांत पहिला गाडीवान आहे. पण तेव्हाची गाडी बाजूला घेणे जिकिरीचे होते. आजची एका बोटाने वळते.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यातील कल्याणीनगरात काय झाले, ते सर्वांना आठवत असेल. पोलिसांच्या म्हणण्यानुसार नोंदणीही न झालेली एक महागडी मोटार सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती होती. दुचाकीवरील दोन तरुण अभियंते जागीच गेले. मुलाला काही तासांत जामीन मिळाला आणि तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला गेला, तेव्हा सारा देश संतापला. तो संताप योग्य होता. आम्ही वृत्तपत्रांनी श्रीमंती, मद्य, वशिला यांवर पानेच्या पाने लिहिली. पण घरी परतताना आपल्या चौदा वर्षांच्या लेकाच्या हातात मोटारसायकलची किल्ली देऊन 'जा रे, पटकन दूध घेऊन ये' म्हणणारा बाप त्या दिवशीही होता, आजही आहे. 'पटकन' हा शब्दही तोच वापरतो. गावात कौतुक असते, 'पोराचे पाय टेकत नाहीत, पण गाडी कशी पळवतो!' पाय टेकत नाहीत, यातच सारे आले.

येथे कोणी म्हणेल, आयुष्याची दोरी वरच्याच्या हाती. मीही श्रद्धाळू माणूस आहे. पण विहिरीला कठडा बांधणाऱ्याला आपण नास्तिक म्हणत नाही.

नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे दगावली. त्यांत चारशेहून अधिक बालके होती. तेवढ्याशा देशात! व्हिक लांगेनहॉफ या पत्रकाराची लहान मुलगी शाळेच्या वाटेवर गेली. आमच्यासारखा चार ओळींचा मजकूर लिहून तो थांबला नाही. १९७२ मध्ये त्याने आपल्या वृत्तपत्रात जो लेख लिहिला, त्याचे शीर्षक होते 'बालहत्या थांबवा'. अपघात नव्हे, हत्या. त्या शीर्षकाचीच चळवळ झाली. आया मुलांना घेऊन रस्त्यावर बसल्या, मुलांनी गल्ल्यांत खेळ मांडले. डेल्फ्ट गावच्या रहिवाशांनी तर दारासमोरच्या रस्त्याची रचनाच बदलली. झाडे, कुंड्या, वळणे. १९७६ मध्ये सरकारने अशा रस्त्याला कायद्यात स्थान दिले. त्याला त्यांच्या भाषेत 'अंगण-रस्ता' अशा अर्थाचे नाव आहे. तेथे वाहनाला मज्जाव नाही. फक्त ते माणसाच्या चालीने चालते, कारण अंगण घराचे आहे आणि वाहन पाहुणे आहे. आज त्या देशात वर्षाचे मृत्यू सातशेच्या आसपास आले आहेत. फिनलंडची राजधानी हेलसिंकी सुमारे सात लाख वस्तीची. जुलै २०२५ मध्ये तिने जाहीर केले, की मागील बारा महिन्यांत शहरात एकही माणूस रस्त्यावर दगावला नाही. तेथील निम्म्याहून अधिक रस्त्यांवर मर्यादा ताशी ३० आहे. अंगण या कल्पनेसाठी आपल्याला डच शब्द शिकावा लागावा, याचे मला राहून राहून वाईट वाटते.

आपले गाव काय करू शकते, यावर मी लांबण लावणार नाही. कारण येथे बसलेले सरपंच, शिक्षक आणि ट्रॅक्टरमालक माझ्यापेक्षा अधिक व्यवहारी आहेत. ग्रामसभेचा ठराव हा पहिला कागद. वस्तीत आणि शाळेच्या पट्ट्यात मर्यादा ताशी ३० च्या आत असावी, ही मागणी त्या ठरावासह जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि जिल्हा सुरक्षा समितीकडे जावी. पण कागदाची वाट पाहत बसू नये. उसाच्या वाहनांची वाट आणि वेळ गावाने स्वतः ठरवता येते. परावर्तक पट्ट्या तर एका चहाच्या खर्चात येतात. चौकातील फलक माणसाच्या डोक्याच्या वर न्यावेत किंवा काढून टाकावेत. आणि जेथे गतिरोधक घालायचा, तेथे संताप ओसरल्यावर, मोजून घालावा.

तरुणांना एकच विचारतो. तुमच्यापैकी कितीजण मोटारसायकलवर आले आहेत? हात वर करा. पुष्कळ आहेत. गल्लीत शिरताना काटा कितीवर होता, ते किती जणांना आठवते? हं. मलाही परवापर्यंत आठवत नसे.

मी सोबत शिंप्याची टेप आणि एक लाकडी पट्टी आणली आहे. अध्यक्षीय भाषणानंतर चहा आहे, असे समजते. चहा घेऊन ज्यांना वेळ असेल त्यांनी माझ्याबरोबर यावे. गावात जेथे जेथे उंचवटा असेल, तेथे तो मोजू : रुंदी किती, उंची किती, कडेला फट आहे का, रंग शिल्लक आहे का. वही शाळेच्या गुरुजींनी धरावी. अंधार पडायला अजून तासभर अवकाश आहे, आणि अंधारात तो दिसतो की नाही, हे पाहायला आपण थोडे थांबलो तरी चालेल.